शेवटचं पान

जपानी कॉमिक उजवीकडून वाचतात, हे मला काय ठाऊक! रत्नाकाकूंच्या टेबलावरचा व्हॉलीबॉल-मालिकेचा शेवटचा भाग मी आपल्या सवयीने डावीकडून उघडला, शेवटचंच पान समोर आलं आणि मी ओरडलो, "अरे वा, पोरं जिंकली की शेवटी!"

काकूंच्या फोनवर, स्पीकरवर, दूर बेलव्ह्यू शहरात राहणारा त्यांचा मुलगा निमिष होता. "ग्रेट. आता कळलं ना, आई," म्हणून त्याने फोन ठेवला.

काकूंना खेळातलं ओ की ठो कळत नाही. तरी इथे ईडन प्रेरीतल्या घरी एकट्या बसून त्यांनी आधी या मालिकेचं सगळं कार्टून पाहिलं, मग पुस्तकं आणली. दर रविवारी "पुढे काय होतं रे?" विचारलं, की एरवी हं-हं करणारा मुलगा घडाघडा बोलायचा.

मी चाचरत म्हटलं, "काकू, दुसरी मालिका सुरू करा की!"

"त्याला आवडणारं दुसरं काही मला माहीत नाही."