गावकीची डोली

माणसाचं वजन नुसत्या नजरेनं सांगणारा माणूस साऱ्या सावित्रीच्या खोऱ्यात एकच होता, आणि तो नेमका माझा चुलतसासरा निघाला. मी महाडहून लग्न होऊन पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीत आले. चार इयत्ता शिकलेली, त्यामुळे नाकाचा शेंडा वर. माप ओलांडलं, वाकून पाया पडले, तर मामंजींचा आशीर्वाद काय? "सहा मानसं लागतील हिला. उतारावर आठ." सगळं घर हसलं. त्या रागात मी महिनाभर पानातली एक भाकरी कमी केली. चुलीपाशी चोरून दीड खात होते, ते वेगळं.

मामंजींचा तरी काय दोष? गावकीची डोली त्यांच्या ताब्यात होती. मुंबईला गिरण्यांत गेलेल्या आमच्या पुरुषांनी तिथल्या खोलीत मंडळ काढलं होतं. पगाराच्या दिवशी प्रत्येकानं डब्यात काहीतरी टाकायचं आणि साठेल त्यातून वाडीच्या उपयोगाची वस्तू धाडायची. आधी देवळाला घंटा आली, मग लग्नाकार्याची भांडी, आणि मग ही डोली. सागाचा दांडा, जाड कापडाची झोळी, वर मेणकापडाचं छप्पर. वाडीला पायवाट तेवढी होती. आजारी माणसाला डोलीतून पोलादपुराला उतरवायचं आणि तिथून मोटारीनं महाडच्या दवाखान्यात न्यायचं. कितीक अडलेल्या बाळंतिणी त्या डोलीनं घरी परत आणल्या. मामंजी तिला पोटच्या पोरीसारखी जपत. दांड्याला तेल पाजत, झोळीला ऊन दाखवत, आणि शिमग्याला मुंबईकर आले की स्वतः आत बसून त्यांची तालीम घेत. देवाची पालखी निघायच्या आधी यांची डोली! "पाय जुळवा रे! आजारी असतो तर वाटंतच मेलो असतो!" त्यावर काकी, म्हणजे माझी चुलतसासू, ओटीवरून ओरडायची, "टाका त्या म्हाताऱ्याला वढ्यात!"

मामंजींचं वाक्य खोडणं हा काकींचा जन्माचा धंदा. ते म्हणाले आज ऊन पडेल, की ही वाळवण आत घेणार.

एका भादव्यात काकींच्या पोटात कळ उठली, ती काही केल्या थांबेना. मामंजींनी डोली काढली, छप्पर बांधलं आणि अंगणात नुसते उभे राहिले. दांडा होता, झोळी होती. खांदे मुंबईला. वाडीत उरले होते म्हातारे आणि लेकरं. शेवटी माझी थोरली जाऊ म्हणाली, "मामंजी, आम्ही उचलतो."

एक म्हातारा खेकसला, "बायांनी खांदा द्यायचा? मढ्यालाबी देत नाय!"

"मढ्याला नाय देत," मामंजी म्हणाले. "ही जिती हाय."

आम्ही सहा जणींनी पदराच्या चुंबळी करून खांद्यावर ठेवल्या आणि दांडा उचलला. चार इयत्ता शिकलेली मी पहिल्याच उतारावर आईला हाका मारायला लागले. मामंजी पुढे वाट सांगत होते. "डावीकडं निसरडं हाय."

झोळीतून काकी कण्हत म्हणायची, "उजवीकडं हाय! यांचं आयकू नका गो."

आम्ही हसत होतो, रडत होतो, जागोजाग थांबत होतो. पुरुषांना जी वाट एका सकाळची, तिला आम्हांला ऊन कललं. खाली मोटाररस्ता दिसायला लागला.

"आता सपाट हाय," मामंजी म्हणाले.

झोळीतून उत्तर आलं नाही. ते थबकले. वळले नाहीत. जरा मोठ्यानं म्हणाले, "सपाट हाय म्हटलं." मग बऱ्याच वेळानं, "ठेवा गो खाली."

शिमग्याला मुंबईकर आले. काकीच्या नावानं दुसरी डोली द्यायची, गादीची, असं मंडळात ठरलं होतं. सांगायला माझाच नवरा उभा राहिला. मामंजींनी सगळं ऐकून घेतलं. "हाय ती पुरं. धाडायचंच तर चौघं जन धाडा. पाळीपाळीनं. पावसाळ्यापुरतं."

गिरणी एवढी रजा देईना, आणि चौघं घरी बसले तर त्यांच्या चुली कशावर पेटणार? त्यांचंही खोटं नव्हतं.

सण सरला. पुरुष वळकट्या घेऊन निघाले. वाडीच्या टोकाशी मामंजी एकेकाच्या खांद्यावर हात ठेवत निरोप देत होते. माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर तो हात अंमळ जास्त राहिला. दाबून पाहिल्यासारखा. मग त्यांनीच तो काढून घेतला.

"जा रे," म्हणाले, "मोटार चुकंल."