इम्गुर-सिन गवंड्याची भिंत

सिप्पार शहरात इम्गुर-सिन गवंड्याचा हात लागला नाही अशी गल्ली नव्हती. माणूस बोलायला गोड नि कामाला चपळ. बाकीचे गवंडी ज्या घराला दोन महिने लावत, ते हा पंचवीस दिवसांत उभं करी. हम्मुराबी राजाने लार्सा शहर घेतलं, मारी शहराचे तट पाडले, नवे कालवे खणले. शहरात माणसं वाढली, तशी याची कामंही वाढली. "राजाने जिंकावं, मी बांधावं," असं जवाची दारू पिता पिता तो हसत सांगे.

राजाच्या म्हातारपणी शमश या सूर्यदेवाच्या देवळात एक काळा दगड उभा राहिला. पुरुषापेक्षा उंच, अंगभर राजाचे कायदे, मुंग्यांसारख्या अक्षरांत. इम्गुर-सिन मुलाला, तरिबुमला, घेऊन तो बघायला गेला. आधीची दोन पोरं तापात गेल्यावर झालेला हा एकुलता एक. आता विशीतला, बापाच्याच हाताखाली राबणारा. दोघांनाही वाचता येत नव्हतं. देवळातला लेखनिक जमलेल्यांना वाचून दाखवत होता.

"गवंड्यांचं काही लिहिलंय का?" इम्गुर-सिनने विचारलं.

"लिहिलंय तर! गवंड्याने घर कच्चं बांधलं, ते पडून मालक मेला, तर गवंड्याला ठार मारावं."

"ऐकलंस का रे इम्गुर? आता सावकाश बांध हो!" मागून कुणीतरी ओरडलं. लोक हसले, तोही हसला.

"आणि मालकाचा मुलगा मेला," लेखनिकाने पुढे वाचलं, "तर गवंड्याच्या मुलाला ठार मारावं."

इम्गुर-सिनच्या डोळ्यांपुढे एकच भिंत आली. आठ वर्षांपूर्वी, पुराच्या साली, तेल गाळणाऱ्या नाबी-इलिशूचं घर त्याने घाईत उरकलं होतं. विटांत मिसळायला पेंढा मिळत नव्हता, म्हणून नुसत्या चिखलाच्या विटा थापल्या. त्याही पुऱ्या वाळू दिल्या नाहीत. वरून गुळगुळीत गिलावा दिला. त्या भिंतीला डोकं लावून नाबी-इलिशूची तीन पोरं रोज दुपारी निजत.

तो भर उन्हात पळत सुटला.

"नाबी, पोरांना बाहेर काढ!"

"का रे बाबा? ऊन लागलं की चढलीय?"

"काढ म्हणतो ना! ती भिंत खोटी आहे. मीच बांधलीय, मला माहीत आहे."

नाबी-इलिशूने पोरांना बखोट्याला धरून अंगणात आणलं. इम्गुर-सिनने ओळंबा सोडला. दोरी खाली पोचेपर्यंत भिंतीपासून चांगली वीतभर सुटली होती. त्याने टेकू द्यायला खांब उचलला; तो टेकवतो न टेकवतो तोच वरचा अर्धा भाग आत कोसळला. धुरळा बसला तेव्हा तिन्ही चटया ढिगाखाली गेल्या होत्या.

नाबी-इलिशूने त्याची गचांडी धरली. "आठ वर्षं! आठ वर्षं माझी पोरं या मरणाखाली निजवलीस? आणि माझ्या दारात दारू पिऊन जात होतास?"

"मार मला," इम्गुर-सिन म्हणाला.

नाबीने मारलं नाही. तो खाली बसून ढिगाखालच्या चटया ओढून काढू लागला.

मागून आलेला तरिबुम दारात उभा होता. त्याने चटयांकडे पाहिलं, मग बापाकडे.

"बाबा, चूक तुमची आणि मान माझी?"

याचं उत्तर दगडावर असेल तर ते लेखनिकाने वाचलं नव्हतं.

भिंत इम्गुर-सिनने स्वतःच्या खर्चाने पुन्हा बांधली. मग तो शहरभर आपल्या जुन्या घरांतून ओळंबा घेऊन हिंडला. पाच भिंती त्याने आपण होऊन पाडल्या. लोक त्याला वेडा म्हणत, आणि काम दुसऱ्याला देत. तरिबुम होडीवर कामाला लागला. घरी यायचा, जेवायचा, पण बापाशी बोलायचा नाही.

राजा गेला, त्याचा मुलगा गादीवर बसला. दगडाप्रमाणे सिप्पारात कुणाची मान गेल्याचं इम्गुर-सिनने कधी ऐकलं नाही. तरी त्याची झोप गेली ती गेलीच.

भिंत पडल्याला सहा वर्षं झाली तेव्हा तरिबुम आपण होऊन बापाशी बोलायला आला. त्याचं लग्न होऊन मुलगा झाला होता, कालव्याकाठी जागा मिळाली होती.

"घर बांधायचंय. तुम्ही बांधा."

"मी? दुसरा कुणी बघ, बाळा."

"दुसऱ्या कुणी आपली भिंत आपल्या हाताने पाडलीय का?"

म्हाताऱ्याने डोळे पुसले आणि विचारलं, "पेंढा आणलास?"

त्या एका घराला त्याने सात महिने लावले.