आबांच्या खिशातलं कात्रण

आबा बंगल्याच्या फाटकाबाहेर उभे होते. डोक्याला पटका घट्ट आवळलेला, त्यातनं रक्त झिरपलेलं. आत व्हरांड्यात साहेब चहा पीत होते आणि मी वही घेऊन समोर उभा. मी साहेबांचा प्रसिद्धीप्रमुख. ते जे बोलायचे आणि जे बोलायचं विसरायचे, ते सगळं पेपरात आणायचं माझं काम.

"लिव," साहेब म्हणाले. "मेंढपाळानं दारूच्या नशेत शिवीगाळ केली, त्यातनं वाद झाला."

"साहेब, त्यो माझा बाप हाय."

"म्हाईत हाय की. म्हणून तर तुला सांगतोय. तू लिवलंस तर कोण संशय घेणार न्हाई. आन् तुमच्या लोकांचं तुलाच बरं जमतंय."

शेजारचे दोन कार्यकर्ते हसले. मी मान खाली घालून पेनाचं टोपण काढलं.

झालं होतं एवढंच. आम्ही दुष्काळी पट्ट्यातले धनगर. पाऊस सरला की मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरायचं. शेतकरी रानात मेंढरं बसवून घेतो, लेंडीखताच्या बदल्यात धान्य देतो. साहेबांच्या पुतण्यानंच आबांना बोलावलं होतं. चार मेंढरं कडेच्या उसात शिरली, तर त्यानं काठीनं आबांचं डोकं फोडलं. आबांनी जन्मात दारूला हात लावला नाही. चहासुद्धा नको म्हणतात.

तरी मी लिहिलं. नोकरी जाईल या भीतीनं लिहिलं, उगाच दुसरं सोंग कशाला आणू. दुसऱ्या दिवशी आबांच्या नावासकट छापून आलं.

आबांना अक्षरओळख नाही. पेपर माझ्यापुढं धरून म्हणाले, "वाच की रं, काय आलंय आपलं?"

मी वाचलं. म्हणजे वाचल्यागत केलं. "गरीब मेंढपाळाला मारहाण, असं आलंय. तुमच्या बाजूनं आलंय, आबा."

त्यांनी ते कात्रण प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं आणि बंडीच्या खिशात ठेवलं.

पुढं साहेब निवडणुकीत पडले आणि त्यांनी मला घरी पाठवलं. मी राजकीय विश्लेषक झालो. साताऱ्यातल्या स्टुडिओत तोंडाला पावडर लावून बसतो. सर्वसामान्य माणसाचा आवाज दाबला जातोय, असं आठवड्यातनं तीनदा तरी म्हणतो. लोक फोन करून सांगतात, लय भारी बोलता तुमी.

परवा आबांना भेटायला गेलो. तासगावच्या अलीकडं रस्त्याकडेला त्यांचा तळ होता. मेंढरं रोडावलेली. आबा म्हणाले, "हल्ली कोण बसवून घीना झालंय बग. आदी मानसं हाका मारायची."

तेवढ्यात एक बागायतदार मोटारसायकलवरनं आला. त्याला खत पाहिजे होतं. बोलणं जमत आलं आणि आबांनी बंडीत हात घातला. "आवं, बगा, पेपरात आलंय आमचं. इमानी मानसं हाय आमी."

त्यानं वाचलं. एकदा आबांकडं बघितलं, घडी घालून परत दिलं. "न्हाई वो म्हातारबा. आमचं झालंय बसवून."

त्याचं रान समोरच होतं. एक लेंडी दिसत नव्हती.

मी विचारलं, "आबा, किती जणांस्नी दावलंसा हे?"

"इचारंल त्याला. चार वर्सं झाली. काय चुकलं काय?"

कुणाकुणाच्या रानात जाऊन मी सांगणार होतो? त्या माणसांची नावंसुद्धा मला माहीत नाहीत. आबांनी चार वर्षं स्वतःच्या हातानं स्वतःला दारुडा म्हणून गावोगाव दाखवलं, आणि तो कागद त्यांच्या हातात मी दिला होता. मला रडू यायला पाहिजे होतं, तेही आलं नाही. मी तिथंच फुपाट्यात बसलो आणि जे लिहिलंय ते वाचून दाखवलं.

"परत वाच," आबा म्हणाले.

मी परत वाचलं.

"कुणी लिवलंय?"

"मी."

त्यांनी कात्रण माझ्या हातात ठेवलं आणि मेंढरांकडं गेले. संध्याकाळी निघताना मी पाया पडलो, तेव्हा त्यांनी पाय मागं घेतले.

आज चॅनेलवर चर्चा आहे. विषय उसाच्या दराचा. शेजारच्या खुर्चीत साहेब असणार. कात्रण माझ्या खिशात आहे. पहिल्या वाक्यालाच काढणार आणि पहिलं नाव माझं घेणार, मग साहेबांचं. चॅनेलवाले मधेच जाहिरात लावतील, माझा माइक काढतील, पुन्हा बोलावणार नाहीत. आबा कदाचित माझं तोंडही बघणार नाहीत. माफी मी मागणारच नाही, ती मागायचं तोंड मला राहिलं नाही.

उद्या तासगावच्या त्या रानापासून सुरुवात करणार. एकेका बांधावर कात्रण दाखवून सांगणार, हे खोटं हाय, मी लिवलंय, आन् हा माझा बाप हाय.