पाठ पुढं, धार मागं

केरबा टाकवे बुद्रुकचा न्हावी. वस्तरा पट्ट्यावर ओढण्याचं त्याचं सगळं शास्त्र चार शब्दांचं: पाठ पुढं, धार मागं. टोकाला पोचलं की वस्तरा चिमटीत पाठीवर लोळवायचा. धारेवर उलटला तर पट्टा कापतो, धार मरते. हात इतका हलका, की चामड्यालाही कळू नये. पाठ दाखवून मान मिळवणारी वस्तू ही एकच. बाकीच्यांना त्यासाठी निवडून यावं लागतं.

गावातल्या पोरांनी दाढ्या वाढवल्या, तेव्हा केरबा लोणावळ्याच्या एका रिसॉर्टवर लागला. तिथं मेन्यूत मिसळीच्या खाली 'वारसा दाढी' होती.

"काका, आवाज येत नाही," मालक अमृतशेठ पहिल्याच दिवशी म्हणाले.

"आवाज कशाला यंल? वस्तरा हाय, ढोलकी न्हाई."

"गेस्ट रील काढतात. फटाफट वाजलं पाहिजे."

"आपटला तर धार जाती, साहेब. बापाचा वस्तरा हाय."

"ते बोर्डावर लिहिलंय. आता वाजवा."

केरबानं वाजवला. आठ दिवस पट्टा फटाफट बोलला आणि धार गप्प होत गेली. कुणाला पत्ता लागला नाही, कारण पाहुण्यांना दाढी नकोच होती. फेस लावायचा, वस्तऱ्याची पाठ गालावरून फिरवायची, रील झालं की पुसायचं.

नवव्या दिवशी जाहिरातीसाठी शेठ स्वतः खुर्चीत बसले. खरी दाढी हवी म्हणाले.

"साहेब, धार मेलीय."

"लाजू नका काका, कॅमेरा चालू आहे."

पहिल्याच ओढीला शेठच्या डोळ्यांतून पाणी आलं. व्हिडिओखाली मजकूर पडला: 'मातीच्या आठवणीनं डोळे पाणावले.' तो लाखांनी पाहिला. शेठनी हुळहुळत्या गालानं केरबाला कायम केलं.

"वाजवतो," केरबा म्हणाला, "पर वाजवायला दुसरा वस्तरा आना. ह्यो घरीच ऱ्हाईल."

दुसरा आला. चकचकीत, बिनधारेचा. वारशाला काहीच कमी पडलं नाही.

सुट्टीच्या मंगळवारी केरबानं बापाचा वस्तरा दिवसभर ओल्या दगडावर घासला, मग पट्ट्यावर ओढला. पाठ पुढं, धार मागं. संध्याकाळी ओट्यावर अंबाजीआबा येऊन बसले. ऐंशीचं वय, सुरकुत्यांचा गळा. फेस लागला तसे त्यांनी डोळे मिटले. बराच वेळ गेला.

"आरं केरबा, सुरू कर की."

"एक गाल झाला, आबा."