चाकाआडची काळी बाहुली

गुणवंतरावांनी सोसायटीतला ओला कचरा आणि सुका कचरा एक केला, तोही स्वतःच्या गाडीने.

हे दोन डबे वेगळे ठेवावेत म्हणून सेक्रेटरी या नात्याने त्यांनीच वर्षभर लोकांची डोकी खाल्ली होती. शनिवारी सकाळी मनोरमाबाईंना शेजारी बसवून ते गेटकडे निघाले, उतारावर ब्रेक दाबला, आणि चिखलात रुतावा तसा पाय खाली गेला. गाडी थांबली ती दोन्ही डबे आडवे करून. वेग बैलगाडीचा होता, म्हणून कुणाला खरचटलंसुद्धा नाही. केळीची सालं आणि दुधाच्या पिशव्या तेवढ्या बॉनेटवर एकत्र नांदायला आल्या.

मनोरमाबाई उतरल्या, पदर झटकला आणि शांतपणे म्हणाल्या, "अहो, मी या गाडीत परत बसणार नाही. विकून टाका."

हे गुणवंतरावांच्या जिव्हारी लागलं. लालबागची चाळ सोडून भाईंदरला आले, रिटायर झाले, तेव्हा कुठे ही सेकंडहँड गाडी दारात आली होती. बायकोला हवं तिथे फिरवायचं, एवढीच हौस. बायकोच बसणार नसेल तर गाडी म्हणजे पार्किंगमध्ये उभं केलेलं कपाट.

"दत्ताराम मेस्त्रींना दाखवू," ते म्हणाले. "ते नाही म्हणाले तर विकू."

"ते नाही, मी ठरवणार," असं म्हणून मनोरमाबाई टोइंगवाल्याच्या मागोमाग रिक्षाने नवघरला मेस्त्रींकडे निघाल्या. गुणवंतराव त्याच रिक्षात, पण कडेला.

दत्ताराम मेस्त्री मूळ नवघरचे. वडिलांचं आयुष्य मिठागरात गेलं. हे मात्र तरुणपणी मिठाच्या ट्रकखाली दुरुस्तीला शिरले ते अजून पुरते बाहेर आलेले नाहीत. चहूबाजूंनी टॉवर उठले, पण मेस्त्रींनी आपलं कौलारू घर सोडलं नाही, आणि घरापुढच्या अंगणातलं गॅरेजही. बिल्डर आला की ते गाडीखाली जातात आणि तो जाईपर्यंत वर येत नाहीत. नव्या गिऱ्हाइकाशी हिंदी, शेजारच्या हंसाबेनशी गुजराती, ओळखीच्यांशी, आणि रागावले की सगळ्यांशी, गावची बोली.

ब्रेकच्या कामाची त्यांची एक रीत आहे. काम झालं की ट्रायलला बायको शालूवहिनी पुढच्या सीटवर बसणार, मांडीवर कालवणाने काठोकाठ भरलेला टोप. फार पूर्वी त्यांनीच दुरुस्त केलेली एक गाडी ब्रेक लावताना एका अंगाला ओढली गेली, आणि मोरव्याला बहिणीकडे निघालेल्या शालूवहिनींच्या कोऱ्या साडीवर बोंबलाचं कालवण सांडलं. साडीचा डाग गेला नाही, रीत राहिली. "मशीन खोटा बोलंल," मेस्त्री म्हणतात, "कालवान न्हाय बोलनार."

त्यांनी बॉनेट उघडलं. ब्रेक ऑइलची डबी जवळजवळ रिकामी. "कुठंतरी गलतंय. मागचा चाक. पैज लावा."

मागची दोन्ही चाकं उघडली. आत कोरडं ठणठणीत.

"हरलात," मनोरमाबाई म्हणाल्या.

"हारलो न्हाय. मागचा बरा हाय, ता बगून ठेवला." मेस्त्रींनी खालचे सगळे पाइप फडक्याने पुसून काढले, डबीत ऑइल भरलं, गुणवंतरावांना पेडल दाबायला बसवलं आणि बॅटरी घेऊन गाडीखाली सरकले. "दाबा. अजून दाबा." आवाज पुढच्या उजव्या चाकाकडे गेला. "थांबा."

गुणवंतरावांनी पेडलवरचा पाय हळूच उचलला. त्या चाकामागे काय आहे ते जगात त्यांना एकट्यालाच ठाऊक होतं.

दसऱ्याला मनोरमाबाई म्हणाल्या होत्या, गाडीला नजर लागू नये, पुढे काळी बाहुली बांधा. नेमकी त्याच आठवड्यात सेक्रेटरींनी गेटवर लिंबू-मिरची टांगण्याविरुद्ध बोर्डावर नोटीस लावली होती. बायकोचा शब्द मोडवेना, नोटीस फाडवेना. मग त्यांनी पार्किंगमध्ये कुणी नसताना चाकाच्या आतल्या अंगाला एक सोयीचा रबरी पाइप शोधला आणि बाहुली तिथे तारेने पक्की बांधली. दोन पीळ जास्तच दिले.

मेस्त्री बाहेर आले. दोन बोटांत तेलाने निथळणारी बाहुली. "ब्रेकच्या नलीला ही कोनी बांधली? चाक वलला का तार घासतेय. नली कापली ना."

"मी पुढे बांधा म्हटलं होतं," मनोरमाबाई नवऱ्याकडे वळल्या.

"पुढे लोकांना दिसली असती."

"मग बांधतात कशाला?"

गुणवंतरावांनी मदतीच्या आशेने मेस्त्रींकडे पाहिलं. मेस्त्रींनी आपल्या गॅरेजच्या दाराकडे बोट केलं. तिथे वर एक बाहुली ऐटीत लटकत होती. "बावलीला माझा ना न्हाय. तारंला हाय."

नवी नळी आली, बसली. मग पाइपातली हवा काढायची. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाजवळची निपल सैल करायची, बुडबुडे बाटलीत जाऊ द्यायचे, निपल आवळली की पाय सोडायचा. गुणवंतराव बुडबुडे बघायला वाकत आणि पाय मध्येच उचलत. "सायेब, पाय. सिनेमा नंतर." शेवटी बाटलीत नुसतं स्वच्छ ऑइल येऊ लागलं आणि पेडल पायाखाली घट्ट झालं. मेस्त्रींनी नव्या नळीवरून कोरडा कागद फिरवला. कागद कोराच राहिला.

शालूवहिनी मांदेलीच्या कालवणाचा टोप घेऊन पुढे बसल्या. गाडी गल्लीच्या टोकापर्यंत गेली, थांबली, फिरली, परत आली. मनोरमाबाईंनी मेस्त्रींना काही विचारलं नाही. त्या खिडकीतून वाकल्या आणि टोपाच्या काठावरून बोट फिरवलं. बोट कोरडं.

"शालूताई, तुम्ही उतरा. टोप माझ्याकडे द्या. आणि गाडी हे चालवतील."

गुणवंतरावांनी इतक्या जपून तर लग्नाची वरातही नेली नव्हती. गल्लीच्या टोकाला त्यांनी ब्रेक दाबला. कालवण काठापर्यंत आलं, विचार केल्यासारखं थबकलं आणि मागे गेलं. परत आल्यावर मनोरमाबाई उतरल्याच नाहीत.

"टोप उद्या परत आणून देते," त्या शालूवहिनींना म्हणाल्या. "यांच्याबरोबरच येईन."

गुणवंतरावांचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात मेस्त्रींनी फडक्यात गुंडाळलेली बाहुली खिडकीतून आत दिली. त्यांनी ती हातात घेतली, एकदा बायकोकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणून विचारलं, "मेस्त्री, मग ही आता नेमकी बांधू कुठे?"

"तुमचे गल्यान."