भरलेली खुंटी

गणितबाईंची हजेरी खुंट्यांवरून व्हायची. संध्याकाळी वसतिगृहाच्या पडवीत यायच्या, भिंतीवर नजर फिरवायच्या आणि म्हणायच्या, "सगळ्या आहेत." मुलींच्या तोंडाकडे बघायच्या नाहीत.

मुरबाडकडे, सिद्धगडाच्या पायथ्याच्या त्या वसतिगृहात मी भाकऱ्या थापायचे. माझं शिक्षण चौथी. बाई अकरावीच्या मुलींना पडवीतच शिकवायच्या, म्हणून माझ्याही कानावर पडायचं. "मुली म्हणजे प्रांत. ज्या खुंट्यांवर पिशव्या आहेत, तो प्रतिमासंच. प्रत्येकीला खुंटी हवी, आणि एकच हवी. मग ते फलन, म्हणजे फंक्शन."

"आन् दोघींना मिळून एक?" कोणीतरी विचारलं.

"चालेल. एकीला दोन चालणार नाहीत."

कालची भरलेली खुंटी आज रिकामी दिसली, की बाई छत्री घेऊन त्या मुलीच्या वाडीवर. एकदा एक बाप भडकला, "पोर तुमची का आमची?" बाई म्हणाल्या, "दहावी होईपर्यंत माझी." अशा किती पोरी त्यांनी परत आणल्या.

सखी आठवीत होती. तिची आणि वनीची खुंटी एक. दिवाळीनंतर सखीचा बाप तिला वीटभट्टीवर घेऊन गेला, धाकटी भावंडं सांभाळायला. वनीला सांगून गेला, "बोलू नको गो, बाई लगेच येल." वनी बोलली नाही. तिची स्वतःची पिशवी खुंटीला होतीच. बाई रोज बघायच्या. "सगळ्या आहेत."

पंधरा दिवसांनी सखीचा काका तिची पुस्तकं परत द्यायला आला. "तापानं गेली, बाई. भट्टीवरच."

बाईंनी खुंटीकडे पाहिलं. म्हणाल्या, "प्रांतातलं एक गेलं, तरी प्रतिमासंच तेवढाच राहू शकतो, मावशी. हे मीच शिकवते."

"मग पोरी मोजायच्या होत्या," मी म्हणाले.

त्या दिवसापासून त्या प्रत्येकीची हनुवटी वर करून नाव घ्यायच्या. खुंट्यांकडे बघणं सोडलं. फलन शिकवताना पडवीतून आत खोलीत जायच्या.

दोन वर्षांनी त्यांची शहापूरला बदली झाली. एसटीची वाट बघताना मी सांगून टाकलं, "त्या पंधरा दिवसांत रोज दोन भाकऱ्या उरत होत्या. मी शेळीला घालत होते. कोणाच्या, ते विचारलं नाही." बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग गाडी आली.

परत भेट नाही.

आता घरात मी आणि नवरा, दोघंच. तरी भाकरी उरली की शेळीकडे नेण्याआधी मी विचारते, कोण जेवलं नाही?