लग्नातलं पांढरं लुगडं

अप्पा कुंभकोणमला रेशमी लुगड्यांच्या दुकानात होते. गिऱ्हाइकाची कांती बघून ते लुगडं काढून द्यायचे आणि तेच पसंत पडायचं. अप्पांच्या नजरेचा मला भारी तोरा होता.

एकोणीसशे पन्नास-पंचावन्नच्या सुमाराची गोष्ट. माझ्या लग्नाचं पिवळं लुगडं त्यांनी स्वतः निवडलं, दिवेलागणीला, मालकालाही हात लावू न देता. आमच्यात बापाने आणलेलं लुगडं घडीसकट देवापुढे ठेवतात आणि लग्नाच्या सकाळी सवाष्णी ते उघडतात. आत्याने घडी मोडली अन् "अगंबाई!" म्हणून हात मागे घेतला. लुगडं पांढरं होतं. विधवेने नेसावं तसं पांढरं!

"दादा, हे काय आणलंस?"

"पिवळंच तर आहे," अप्पा म्हणाले. खिडकीशी नेऊन त्यांनी ते पुन्हा पाहिलं, तेव्हा उजेडात त्यांनाही ते पांढरं दिसलं.

आईचं जुनं पिवळं लुगडं नेसून माझं लग्न लागलं. सासरकडच्या बायका कुजबुजल्या. आत्या तर तोंडावर म्हणाली, "मनात असल्याशिवाय हातून होतं का असं?" अस्सा संताप आला मला! सख्खी बहीण ना ती त्यांची?

अप्पांना मधुमेह होता, म्हणून आईने त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी दिव्याने डोळ्यांत आतवर पाहिलं. पडद्यावर कुठे रक्त नाही, डोळे ठणठणीत आहेत, म्हणाले. अप्पा त्या दिवशी खचले ते खचलेच. डोळ्यांत खोट नाही, म्हणजे मनातच असणार, असं त्यांनी धरून ठेवलं. दुकानही सोडलं.

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले, तेव्हा त्यांनी विचारलं, "बाळ, तुझं वाईट व्हावं असं मला वाटलं असेल का गं?"

"काहीतरीच काय, अप्पा!" मी ओरडलेच. पण त्यांना पटेल असं सांगायला माझ्यापाशी काही नव्हतं. थोड्याच वर्षांत ते गेले.

म्हातारपणी माझ्याही रक्तात साखर निघाली. डोळ्यांची डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने तमिळमध्ये समजावलं, डोळ्याच्या पडद्यातल्या मज्जापेशी एकमेकींना निरोप देतात, तेव्हा कुठे रंग कळतो. साखरेने ते निरोप आधी बिघडू शकतात, रक्तस्राव होतो तो मागाहून. कुणाला पिवळ्या-पांढऱ्यातला फरक कळेनासा होतो आणि तपासताना पडदा मात्र स्वच्छ दिसतो.

"पुन्हा सांग," मी म्हटलं. तिने पुन्हा सांगितलं. मी तिथेच ढसाढसा रडले. ती पोर माझा हात धरून म्हणत राहिली, घाबरू नका आजी, तुमचे डोळे चांगले आहेत.